बालगृहात सणासुदीची ड्युटी: साडेतीन स्टार, त्यातला एक पूर्ण स्टार किचनच्या मावशीचा

मॅपवर या संस्थेचे रिव्ह्यू पाहिले तर सगळे पाच स्टार. "खूप छान कार्य", "मुलांसोबत दिवाळी साजरी केली, मन भरून आलं", खाली फोटो, फोटोत केक आणि हार. लिहिणारे सगळे एका दुपारी येऊन गेलेले लोक. तिथं रात्रपाळी केलेल्या माणसाचा एकही रिव्ह्यू नाही, म्हणून म्हटलं आपण लिहू, फक्त तिथं न टाकता असा वेगळा, नाव न घेता. नाव न घेण्याचं कारण भीतीबिती नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, अशा मुलाची ओळख पटेल असं काहीच छापायचं नाही, नाव नाही, फोटो नाही, पत्ता नाही, शाळा नाही. संस्थेचं नाव आणि पोरांचे किस्से एकत्र टाकले की बाजूच्या लेआउटमधला, म्हणजे वस्तीतला, कोणीही बोट दाखवून सांगेल हा तोच. म्हणून किस्सेपण थोडे इकडचे तिकडे केलेत. नागपूर, रिंग रोडच्या बाहेर, मुलांचं बालगृह, ट्रस्टचं, एवढं पुरे.

मी तिथं काळजीवाहक होतो. पोट्टे साधारण १२ ते १८ वयाचे, बालकल्याण समितीच्या आदेशानं आलेले. कोणी घरून पळून ठेसनवर सापडला, कोणी खर्रा (घोटलेली तंबाखू-सुपारी) आणि सोल्युशन हुंगायच्या नादात शाळा सोडून फिरत होता, कोणाचा बापच असा की घरी ठेवणं बरोबर नाही, आणि काहींना तर मायबापानंच हात टेकून समितीसमोर आणलेलं. गुन्ह्याच्या केसवाले पोरं इथं नसतात, त्यांचं निरीक्षणगृह वेगळं, त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे चालते, पण लोकांना हे सांगून काही फायदा नाही, माझ्या मामाला अजूनही वाटते की मी बच्चा जेलमध्ये नोकरीला होतो आणि लग्नाच्या बायोडाटात ते लिहू नये.

आता रिव्ह्यू. इतर दिवशीची नोकरी ठीक आहे, त्यावर मी लिहितच नाही, कारण इतर दिवशी शाळा असते, काउन्सेलर मॅडम असतात, ऑफिस सुरू असते, पोरांचे सहा तास कुठंतरी गुंतलेले असतात. खरी नोकरी सुट्टीच्या दिवशी कळते. सुट्टी म्हणजे शाळा बंद, काउन्सेलर गावी, ऑफिसला कुलूप, मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांची ओपीडी बंद, आणि आत सगळे पोट्टे, दोन काळजीवाहक, गेटवर काका आणि किचनमध्ये मावशी. स्टाफ अर्धा आणि पोरांच्या डोक्यातला गोंधळ डबल. जाहिरातीत हे लिहिलेलं नसते, जाहिरातीत "मुलांबद्दल आवड असावी" असं लिहिलेलं असते.

दिवाळीचं टेन्शन दिवाळीच्या बरंच आधी सुरू होते आणि ते फराळाचं नसते, रजेचं असते. कोण घरी जाणार. कायद्याच्या कलम ९८ मध्ये मुलाला रजा देता येते, परीक्षा, नातेवाईकाचं लग्न, घरात कोणी वारलं, आईबापाचा अपघात किंवा मोठा आजार अशा प्रसंगी, एका वेळी साधारण ७ दिवसांपर्यंत, जाण्यायेण्याचा वेळ सोडून. त्यात दिवाळी असं काही लिहिलेलं नाही, पण प्रसंग पाहून समिती देते, घरी पाठवणं सेफ आहे का हे तपासून. म्हणजे अर्ज हवा, घरचा रिपोर्ट हवा, घरच्यांची तयारी हवी, आणि हे सगळं वेळेत हवं. समितीला महिन्यात किमान २० दिवस बसायचं असते, पण दिवाळीच्या आठवड्यात सरकारी सुट्ट्या लागून येतात, मग ज्या संस्थेनं अर्ज नवरात्रातच टाकले तिची पोरं घरी जातात, आणि जिनं वसुबारसेच्या आदल्या दिवशी टाकले तिची पोरं गेटजवळच्या कट्ट्यावर बसून राहतात. आमच्या संस्थेनं माझ्या पहिल्या दिवाळीला दुसरा प्रकार केला. काही पोरांची घरं तयार होती, रिपोर्ट चांगले होते, फक्त कागद उशिरा गेला. त्या पोरांना काय सांगायचं हे अधीक्षक साहेबांनी नाही ठरवलं, ते आमच्यावर सोडलं आणि स्वतः संध्याकाळच्या गाडीनं गावाला. याचा अर्धा स्टार मी तिथंच कापला.

आणि ज्यांच्या घरून कोणी येणार असते पण येत नाही, त्यांचं वेगळंच. बाहेरच्याला वाटते, काय मायबाप आहेत, दिवाळीलासुद्धा येत नाहीत. पण थोडा कॅलेंडर पाहा ना, दिवाळी येते कधी, सोयाबीनची काढणी आटोपत आली आणि कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडून जी माय येणार ती याच दिवसांत मजुरीला असते, वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, एक दिवस नागपूरला यायचं म्हणजे मजुरी गेली, वरून खर्च. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, त्यानं फरक पडला हे मी डोळ्यांनी पाहिलं, पण बुडालेली मजुरी कोण देते? पोराला यातलं काही दिसत नाही. तो फक्त म्हणते, "सर, माह्या मायनं सांगतलं होतं येतो म्हणून." एकदा सांगते, जेवताना सांगते, रात्री लाइट बंद केल्यावर पुन्हा सांगते. त्यावर "येईल रे, उद्या येईल" असं म्हणायचं नाही, हे मला मावशीनं शिकवलं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं आणि फोन लावून द्यायचा. गावात रेंज नसेल तर दुकानदाराचा नंबर शोधायचा. हे काम फाईलमध्ये कुठंच लिहिलेलं नाही आणि सणाला सगळ्यात जास्त हेच लागते.

मला बरेचदा पोरं विचारायची, "सर, तुमाले घर नाही काय? दिवाळीले इथं कायले आले?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता, नंतर कळलं की यात टोमणा नाही, ते खरंच हिशोब लावून राहिले असतात, की हा माणूस आपल्यासाठी थांबला का याला पण कोणी बोलावलं नाही. मी सांगायचो ड्युटी आहे, पगार मिळते, भाऊबीजेला सुटणार. खरं होतं ते आणि पोरांना खरं आवडते. आमचा एक सहकारी होता तो म्हणायचा "तुम्हीच माझं कुटुंब". त्याच्यासमोर पोट्टे हाव हाव करायचे आणि तो गेला की त्याची नक्कल.

लक्ष्मीपूजनाची रात्र हा वेगळा विषय आहे. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये दिवाळीला फटाके रात्री ८ ते १० एवढ्याच वेळात म्हटलं होतं, आमच्या मागच्या लेआउटमध्ये ते कोणाला पोचलेलं नाही. सुतळी बॉम्ब साडेबारापर्यंत. आता काही पोरं अशी असतात की ज्यांच्या घरी मोठा आवाज म्हणजे पुढं मार, दार आपटलं की अंग चोरणारी, आणि ते कोणासमोर दाखवायचं नाही म्हणून मग तेच सगळ्यात जास्त आरडाओरडा करणार, खिडकीची जाळी हलवणार, बाजूच्याला शिव्या देणार. नवीन स्टाफला वाटते हा मस्ती करून राहिला. भाऊ, तो घाबरला आहे. आम्ही काय करायचो, रस्त्याकडच्या डॉर्मिटरीतल्या गाद्या उचलून मधल्या हॉलमध्ये आणायच्या, थंडी असली तरी पंखे फुल, कारण पंख्याच्या घरघरीत बाहेरचा आवाज दबतो, टीव्हीवर जुनी मॅच, आणि एक लाइट सुरू. कोणाला "घाबरू नको" म्हणायचं नाही, सगळ्यांना एकच सांगायचं की आज हॉलमध्ये झोपायचं आहे, ज्याला झोप नाही त्यानं कॅरम खेळा. कॅरम पहाटेपर्यंत चालायचा. ही आयडिया संस्थेची नाही, गेटवरच्या काकांची, जे सतरा वर्षाच्या पोट्ट्याला पण "बेटा" म्हणतात आणि ज्यांच्यावर एकही पोरगा कधी हात उगारत नाही.

मारामारी होते का? होते. पण लोक समजतात तशी सणाच्या दिवशी नाही. दिवाळीच्या दिवशी सगळे आपापल्या आशेवर असतात. भांडणं होतात भाऊबीज झाल्यावर, कारण तेव्हा नक्की होते की आता कोणी येणार नाही, आणि त्याच दिवसांत रजेवर गेलेले एकेक परत येतात, नवीन शर्ट, घरचा डबा, आणि तोंडात गोष्टी. एक चकली मागितली, दिली नाही, एवढ्यावरून नाक फुटलेलं मी पाहिलं. अशा वेळी काय करायचं याचं ट्रेनिंग? शून्य. ट्रेनिंग म्हणजे एक फाईल आणि चाव्यांचा जुडगा. काय करायचं नाही तेवढं पक्कं माहीत होतं, हात उचलायचा नाही, कलम ८२, शारीरिक शिक्षेला पहिल्यांदा दहा हजार दंड आणि पुन्हा केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पण काय करायचं हे काम करणाऱ्यांकडूनच शिकावं लागते. आधी बघे हटवा, भांडणारे नाही, कारण प्रेक्षक गेले की निम्मी मारामारी तिथंच संपते. एकानं एकालाच घेऊन बाजूला व्हायचं. कोपऱ्यात कोंडायचं नाही, दाराकडे जायची जागा मोकळी ठेवायची. आणि "का केलं" हा प्रश्न त्या रात्री विचारायचाच नाही, पाणी द्यायचं, जेवला का विचारायचं, बाकी सकाळी. जुना एक काळजीवाहक होता, हातात पाइपाचा तुकडा घेऊन फिरायचा, मारायचा नाही म्हणे, फक्त दाखवायचा. त्याच्या पाळीत शांतता असायची आणि त्याची पाळी संपली की जो स्फोट व्हायचा तो आमच्या वाट्याला. त्याबद्दल लेखी दिलं, पाइप गेला, तो माणूस मात्र राहिला.

रजेवरून येणाऱ्याची बॅग तपासावी लागते आणि हे काम मला कधीच आवडलं नाही. खर्रा येतो. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून घोटून बनवतात, इकडं चौकाचौकात मिळते, गुटखाबंदी २०१२ पासून आहे पण खर्रा घोटणाऱ्याचा हात कोण धरते. आठवीतल्या पोराला याची सवय असते. महिनोन् महिने सुटलेली असते आणि दिवाळीत काका-मामाच्या हातून पुन्हा लागते, घरच्यांना त्यात काही वाईट वाटत नाही, "एवढुसा खाल्ला त काय होते". चिवड्याच्या डब्यात तळाशी, पेस्टच्या ट्यूबमध्ये, चपलेच्या आत, कुठंही सापडते. इथं संस्थेला मार्क द्यायला पाहिजेत, तपासणी सगळ्यांसमोर नाही, बंद खोलीत, अंगाला हात न लावता, आणि सापडलं तर समितीला बोंबलून सांगण्याआधी काउन्सेलर मॅडम बसून बोलणार. तंबाखू तुटल्यावर पहिले काही दिवस पोरगा चिडखोर असणारच, डोकं दुखणार, झोप नाही, त्या दिवसांत त्याच्या मागं अभ्यास अभ्यास करायचं नाही हे मॅडम जाताना बोर्डावर लिहून जायच्या. जाताना, कारण त्यांना पण सुट्टी पाहिजेच ना.

मॅडम नसताना काय, हा प्रश्न कोणीतरी विचारेल. गोळ्या सुरू असलेल्या पोरांच्या गोळ्या सुट्ट्या लागायच्या आधी आणून ठेवायच्या, हा एक नंबरचा नियम, कारण त्या अचानक बंद करायच्या नसतात आणि पाडव्याला तुम्ही कॅज्युअल्टीत चिठ्ठी घेऊन उभे राहिले तर तिथं आधीच फटाक्यानं भाजलेल्यांची लाइन आहे. रात्री कोणी स्वतःला काही करून घ्यायची भाषा बोलला तर सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, नंबर १४४१६ आहे, २०२२ पासून, चोवीस तास, मराठीत बोलता येते. मी वापरला आहे. पलीकडच्या बाईंनी पोराशी बोलण्याआधी माझ्याशीच आधी बोलून घेतलं, आजूबाजूला काय काय पडलं आहे ते विचारलं, ब्लेड, दोरी, फिनेल, एकेक करून हटवायला लावलं. त्या सेवेला पाच स्टार, सेपरेट.

देणगीदार. यावर जास्त लिहिलं तर लोक म्हणतील कृतघ्न आहे, तरी लिहितो. माझ्या पहिल्या दिवाळीत रोज एक प्रोग्राम, कधी दोन. क्लबवाले, बँकवाले, कोणाच्या नातवाचा वाढदिवस. पोरांना रांगेत बसवायचं, भाषण, "तुम्ही देशाचं भविष्य आहात", मग केक, मग कार्टूनचा कंपास बॉक्स, तो पण मिशी फुटलेल्या पोराला. एका पाहुण्यानं माइक पुढं करून विचारलं, "बेटा तू इथं कशामुळे आला?" तो पोरगा शांतपणे म्हणाला, "ऑटोनं." आम्ही सगळे खाली मान घालून हसलो, पाहुणे नाही हसले. पण संध्याकाळी तोच पोरगा भिंतीवर डोकं आपटून राहिला होता, त्यामुळं मला प्रोग्राम म्हटलं की हसू येत नाही. दिवसभर अनोळखी लोकांसमोर आनंदी दिसायची ड्युटी पोरांची पण असते, फक्त त्यांना बदली सुट्टी पण मिळत नाही.

पुढच्या वर्षी नवीन अधीक्षक मॅडम आल्या आणि फरक काय पडतो ते दिसलं. त्यांनी सगळे प्रोग्राम दिवाळीच्या आधी उरकले, मोबाईल गेटवरच पेटीत, फोटो बंद म्हणजे बंद, ज्यांना फोटोशिवाय जमत नाही ते आपोआप गळाले. आणि सणाच्या दिवशी टाइमटेबल तेच. सकाळी उठायची वेळ तीच, झाडू-पोछा ज्याचा त्याचा, व्हॉलीबॉल चार वाजता, संध्याकाळी अभ्यासाच्या तासाला अभ्यास नाही पण तास तोच, पत्ते किंवा कंदील बनवणं. जेवण तेवढं स्पेशल. मला आधी वाटलं काय रूक्ष बाई आहे, दिवाळी आहे ना बाप्पा. पण पोरं त्या वर्षी रात्री झोपली. ज्यांचं घर म्हणजे आज काय होईल माहीत नाही असं होतं, त्यांना सरप्राइजची हौस कमी असते, चार वाजता व्हॉलीबॉल म्हटलं की चार वाजता नेट लागलेली दिसली पाहिजे, एवढी त्यांची दिवाळी. त्यांच्या या एका निर्णयामुळे हा रिव्ह्यू दोन स्टारवरून वर आला. कोणाला खरंच द्यायचं असेल तर कंपास नका देऊ, योग्य साइजच्या चड्ड्या-बनियान द्या, मोठ्या पोरांना दाढीचं सामान द्या, नाहीतर सरळ गावाकडच्या एका मायची जाण्यायेण्याची सोय आणि तिची त्या दिवसाची मजुरी द्या. यात फोटो येत नाही, ते खरं आहे.

आता मावशी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत पण आहे की सणाला पोरांना खास जेवण देता येते, पण खास म्हणजे काय हे ठरवणारी मावशी. ट्रस्टच्या लिस्टमध्ये पुरी, श्रीखंड, मटर पनीर. मावशीनं पोरांना विचारून बदललं. सांभारवडी. थंडीच्या सुरुवातीला बाजारात सांभार, म्हणजे कोथिंबीर, ढिगानं येते तेव्हा, आणि पाटवडी रस्सा असा तिखट की नाकातून पाणी. एक मेळघाटातला पोरगा होता, कशालाच तोंड लावायचा नाही, त्याला विचारून कुटकीचा, म्हणजे बारीक भरडधान्याचा, भात करून दिला, कुटकी कुठून आणली ते मला माहीत आहे, तिच्या पैशानं आणली. वडाभात एका रविवारी. फराळ बाहेरून येणारच असतो पण करंज्या आतच, पोरांना लाटायला बसवून, आकार विचारू नका. ज्या पोराच्या हातात चाकू द्यायला ऑफिस घाबरते त्याला मावशी कांदा चिरायला बसवायची, स्वतः समोर बसून, आणि त्याच्याशी फक्त कांद्याबद्दल बोलायची. मी सोशल वर्कची डिग्री घेतली आहे, मला हे जमलं नाही. पगार तिचा आमच्याहून कमी.

पगाराचं म्हणाल तर हातात बारा हजाराच्या आसपास, वेळेवर कधी नाही, ग्रँट आली की. सणाला ड्युटी केली तर बदली सुट्टी रजिस्टरवर चढते, घ्यायला गेलं की "सध्या स्टाफ नाही". बोनस म्हणजे मिठाईचा डबा, तो पण देणगीत आलेल्यातला, वरचं नाव खोडून. रोस्टर मात्र आम्ही आपसात चांगलं लावायचो. दिवाळीला आमचा मुस्लिम सहकारी थांबायचा, ईदला आम्ही. दसऱ्याचं ऑफिसला कधीच कळलं नाही, त्यांच्या डोक्यात दसरा म्हणजे एक दिवस, पण आमच्या अर्ध्या स्टाफला आणि कितीतरी पोरांना त्या दिवशी दीक्षाभूमीवर जायचं असते, १९५६ पासून नागपुरात तो दिवस दुसऱ्याच अर्थानं मोठा आहे. पूर्ण शहर भरलेलं, पाळी बदलायला येणारा माणूस गर्दीत अडकतो, सकाळचा स्टाफ रात्रीपर्यंत उभा. याची सोय आधीपासून करायला डोकं लागत नाही, कॅलेंडर लागते. नवीन मॅडमनी पोरांना गट करून नेलं, पांढरे कपडे घालून, परत येताना सगळे मोजून बरोबर आले, एक पण पळाला नाही, आणि पळायला त्याच्यापेक्षा सोपी जागा नागपुरात नाही.

सगळ्यात मजेचा दिवस विचाराल तर दिवाळी नाहीच, तान्हा पोळा. मारबत म्हणजे रोगराई-पीडा घेऊन जाणारा बाईचा पुतळा, तिची मिरवणूक पाहायला इतवारी-महालकडे नेणं शक्य नव्हतं, त्या गर्दीत कोण कोणाला सांभाळणार. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते हे पोरांना मावशीनं सांगितलं, मग पोरं म्हणाली आपलीच काढू. पेपर, बांबूच्या काड्या, जुनी चादर. एक मारबत आणि एक बडग्या (पुरुषाचा पुतळा), बडग्याच्या छातीवर कागदाचा सीसीटीव्ही कॅमेरा. पूर्ण आवारात फिरवला, "लौकीची भाजी घेऊन जा गे मारबत", "गणिताचा पेपर घेऊन जा गे मारबत", एकानं "वार्डन सरले घेऊन जा गे मारबत" म्हटलं, म्हणजे मलाच. मग एक पोरगा, जो कधी जास्त बोलत नाही, त्यानं "बाबाची दारू घेऊन जा गे मारबत" म्हटलं आणि सगळ्यांनी ते तीन-चारदा म्हटलं, जोरात. आवारात आग लावायची परवानगी नाही, त्यामुळं मारबत सकाळी मनपाच्या कचरागाडीत गेली, तिच्या मागं गेटपर्यंत पूर्ण पलटण. खर्च चाळीसेक रुपयांची गोंदाची बाटली. कोणत्याही प्रोग्रामपेक्षा भारी.

संक्रांतीला गच्चीला कुलूप आणि पोरं खिडकीतून पतंग कटली की ओ पार ओरडणार, नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची (एनजीटी) २०१७ पासून बंदी आहे तरी आवारात तोच तुटून पडतो, तो आधी गोळा करायचा, कारण एकदा त्या मांज्याचं काय होते हे मी सांगायला नको. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की पोलीस सगळे बंदोबस्तात, पोराला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायचं असेल तर एस्कॉर्टची वाट पाहा. उन्हाळ्याबद्दल खरं तर वेगळा रिव्ह्यू लागेल, ४५ च्या वर पारा, दुपारभर सगळे एका कूलरसमोर, कूलरमध्ये पाणी कोण टाकणार यावरून भांडण, आणि विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणजे ही सुट्टी सगळ्यात लांब. दिवाळी सहन झाली आणि मे सहन झाला तर तुम्ही या कामात टिकाल.

करावी का ही नोकरी? घरी लहान लेकरू असेल, किंवा बायको-नवऱ्यानं सणाला घरी थांबायचं पक्कं सांगितलं असेल तर नका करू, दरवर्षी तेच भांडण होईल. "मुलांना प्रेम देईन" अशा विचारानं जात असाल तर पण थोडं थांबा, पोरं प्रेम घ्यायला बसलेली नाहीत, ती तुम्ही उद्या पण येणार का हे पाहून राहिली असतात. ज्याला एकच गोष्ट रोज त्याच वेळी करायचा कंटाळा येत नाही त्यानं जावं.

एक लक्षात ठेवा, अशा जागा बहुतेक दसरा-दिवाळीच्या तोंडावर निघतात, कारण लोक दिवाळीच्या ड्युटीच्या आधीच सोडून जातात. ऑक्टोबरात जाहिरात दिसली तर इंटरव्ह्यूमध्ये पगाराच्या आधी हे विचारा, रजेचे अर्ज समितीकडे गेले का, रात्री पाळीत माणसं किती, काउन्सेलर सुट्टीवर असताना फोन कोणाला लावायचा, संस्थेची नोंदणी आहे का, कारण कलम ४२ प्रमाणे बिननोंदणीच्या संस्थेच्या प्रमुखांना एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान लाखाचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि तिथं काही घडलं तर तुम्हीपण अडकता. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर चहा पिऊन निघून या. आणि जमलं तर निघताना किचनमध्ये एक चक्कर टाका, मावशी कोण आहे ते पाहून घ्या.